किडनीतल्या जनुकांना हुकूम कोण सोडतं? हार्मोन, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत किडनीच्या पेशी प्लेटमध्ये वाढवल्या. आता कोथरूडला एमएस्सी आणि नेटच्या मुलांना शिकवते. माझ्याकडे प्रश्न दोन दारांनी येतात. एक दार क्लासचं. दुसरं सोसायटीतल्या त्या घरांचं, जिथलं कुणीतरी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातं. दोन्हीकडचे प्रश्न पुष्कळदा एकच असतात, शब्द तेवढे निराळे. म्हणून उत्तरंही इथे एकत्रच दिली आहेत.

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे नेमकं काय?

डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे बसणारं प्रथिन. ही अक्षरं फार नसतात, साधारण सहा ते बारा. एकदा बसलं की ते बाकीच्यांना बोलावून घेतं. कुणी येऊन डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करतं, कुणी आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे प्रत काढणाऱ्या एन्झाइमला, जनुकाच्या तोंडाशी आणून बसवतं, आणि मग त्या जनुकाची एमआरएनए प्रत निघायला लागते. काही फॅक्टर याच्या उलट वागतात. बसतात आणि काम बंद पाडतात. माणसात असे सुमारे १,६०० फॅक्टर आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. तेव्हा एकेका फॅक्टरच्या हाताखाली अनेक जनुकं असतात आणि एकेका जनुकावर अनेकांचा हक्क असतो.

नोट्समध्ये याला सर्रास ‘स्विच’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. स्विच एकटाच दिवा लावतो. इथला कारभार लग्नाच्या बैठकीसारखा आहे. स्थळ कितीही चांगलं असो, मामा, आत्या, आजोबा सगळ्यांनी मान डोलावल्याशिवाय सुपारी फुटत नाही. हार्मोन फक्त स्थळ घेऊन येतं. बैठकीला कोण कोण बसलं आहे, ते पेशीनं आधीच ठरवलेलं असतं.

पण किडनी तर गाळणी. तिचा हार्मोनशी काय संबंध?

गाळणी आहेच. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात घेतलं जातं. काय किती परत घ्यायचं हे ठरवणारे निरोप बाहेरून येतात: अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन, मेंदूतून व्हॅसोप्रेसिन, पॅराथायरॉइडकडून पीटीएच, हाडांकडून एफजीएफ-२३.

शिवाय किडनी स्वतःही निरोप पाठवते. लाल पेशी बनवा, असं अस्थिमज्जेला सांगणारं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, तिथेच तयार होतं. व्हिटॅमिन डीचं खरं कामाचं रूप, कॅल्सिट्रिऑल, तेही तिथलंच. रेनिनही तिथलंच, पण ते हार्मोन नव्हे, एन्झाइम आहे. त्याच्यापासून जी साखळी सुरू होते तिच्या पुढच्या टोकाला अल्डोस्टेरॉन असतं. परीक्षेत हा फरक विचारतात.

वृक्क, मूत्रपिंड की किडनी?

शाळेच्या पुस्तकात वृक्क, वर्तमानपत्रात मूत्रपिंड, डॉक्टरांकडे किडनी. मी किडनीच लिहिते. ‘काकांचं वृक्क बिघडलं’ असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

अल्डोस्टेरॉन पेशीत शिरल्यावर काय होतं? पायरी पायरीने सांगा.

हे नीट समजलं की अर्धा विषय समजला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अल्डोस्टेरॉन स्टेरॉइड आहे, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत येतं. आत त्याला पकडणारं प्रथिन, म्हणजे मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, थोडक्यात एमआर, त्याची वाट पाहत असतो. हार्मोन नसताना हा एमआर एचएसपी-९० वगैरे प्रथिनांच्या कुशीत असतो. हार्मोन चिकटलं की त्याची घडी बदलते, तो केंद्रकात शिरतो आणि डीएनएवरच्या आपल्या जागी जाऊन बसतो. म्हणजे इथे रिसेप्टर आणि ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर ही दोन वेगळी प्रथिनं नाहीत, एकच आहे. मुलं इथे हमखास चुकतात, आकृतीत दोन खोके काढतात.

मग जनुकं जागी होतात. सगळ्यात आधी उठणाऱ्यांत एसजीके-१ आहे. त्याची एमआरएनए अर्ध्या-एक तासात वाढते. सोडियमला आत घेणाऱ्या ‘ईनॅक’ नावाच्या वाहिन्या पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि पेशी त्या सतत काढून मोडीत टाकत असते. मोडीत काढण्याचं काम नेड-४-२ नावाच्या प्रथिनाकडे आहे. एसजीके-१ त्याच्यावर फॉस्फेट चिकटवून त्याचे हात बांधतं. वाहिन्या जागेवर टिकतात, सोडियम आत येतं, त्याच्यामागून पाणी येतं, आणि त्याच हिशेबात पोटॅशियम लघवीत जातं. नवीन ईनॅकचं, विशेषतः त्याच्या अल्फा भागाचं उत्पादन वाढतं ते याच्यानंतर, काही तासांनी.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही: पहिला उपाय नवं काही बांधत नाही, आहे ते मोडू देत नाही.

औषधांचा धागाही इथेच आहे. स्पायरोनोलॅक्टोन एमआरच्या त्याच खाचेत जाऊन बसतं आणि अल्डोस्टेरॉनला जागा देत नाही. पण ते अ‍ॅन्ड्रोजेन रिसेप्टरलाही चिकटतं, म्हणून काही पुरुषांची छाती दुखते, सुजते. लाजून ते डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगावं, पर्याय असतात. फिनेरेनोन हे स्टेरॉइड नसलेलं, एमआरला जास्त नेमकं चिकटणारं औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं.

कॉर्टिसॉलही एमआरला चिकटतं म्हणतात. मग गोंधळ कसा होत नाही?

चिकटतं, आणि अल्डोस्टेरॉनइतक्याच घट्टपणे. त्यातून रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शंभरपटीहून जास्त. गणितानं पाहिलं तर अल्डोस्टेरॉनला एमआर मिळायलाच नको. पण किडनीतल्या या पेशींनी दारात राखणदार बसवला आहे. ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाइम आत आलेल्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करतं, आणि कॉर्टिसोन एमआरला चिकटत नाही. ज्या बाळांमध्ये या एन्झाइमचं जनुक जन्मतः बिघडलेलं असतं, त्यांचं रक्तदाब लहानपणीच चढतं, पोटॅशियम घसरतं, आणि तपासलं तर अल्डोस्टेरॉन मात्र कमी निघतं.

ज्येष्ठमधाचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. हा प्रश्न दर डिसेंबरात सवाई गंधर्वच्या सुमारास येतो, कारण गाणाऱ्यांच्या आणि गाणं शिकणाऱ्यांच्या खिशात ज्येष्ठमधाची कांडी असतेच. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिक आम्ल शरीरात गेल्यावर त्याच राखणदाराला, ११-बीटा-एचएसडी-२ला, रोखतं. मग कॉर्टिसॉल आत घुसून एमआरवर बसतं आणि पेशीला वाटतं, अल्डोस्टेरॉनच आलं. मीठ साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं.

घसा बसला म्हणून दोन दिवस तुकडा चघळला तर घाबरण्यासारखं काही नाही. पण रोज, महिनोन्‌महिने, काढ्यात आणि चहात आणि वरून कांडीही, असं चालू असेल आणि रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांना न विसरता सांगा. मंडईजवळच्या दुकानातून आणलेल्या गोष्टींना आपण औषध समजत नाही, म्हणून त्या औषधांच्या यादीत येतच नाहीत.

सिंहगड चढला की ईपीओ वाढतो का?

ट्रेकिंगवाल्यांचा लाडका प्रश्न. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर. तेवढ्या फरकानं, तेही झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खाऊन दोन तासांत परत येण्यानं, किडनीला काही विशेष कळत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर गेलात तर मात्र काही तासांत ईपीओ वाढायला लागतो आणि एक-दोन दिवसांत शिखर गाठतो. हिमोग्लोबिन खऱ्या अर्थानं वाढायला पुढे काही आठवडे जातात.

ऑक्सिजन कमी झाला हे किडनीला कळतं कसं?

याच शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

युक्ती अशी. एचआयएफ नावाचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर पेशी सतत बनवत असते आणि सतत फेकून देत असते. ऑक्सिजन भरपूर असेल तर पीएचडी नावाची एन्झाइमं त्या ऑक्सिजनचाच वापर करून एचआयएफच्या अल्फा भागावर एक खूण करतात. ती खूण व्हीएचएल प्रथिन ओळखतं आणि एचआयएफची रवानगी प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीच्या भंगारखान्यात होते. आयुष्य काही मिनिटांचं. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ टिकतो, केंद्रकात जोडीदाराबरोबर डीएनएवर बसतो आणि ईपीओचं जनुक बोलू लागतं.

बनवून लगेच टाकून देणं हा उधळेपणा वाटतो. पण अडचणीच्या वेळी प्रथिन पहिल्यापासून बनवत बसायची गरज उरत नाही. फक्त भंगारात टाकणं थांबवायचं. वर एसजीके-१ची गोष्ट आठवा, तीच चाल.

किडनीत ईपीओचा मुख्य कारभारी एचआयएफ-२ आहे, एचआयएफ-१ नव्हे. जुन्या नोट्समध्ये अजून एचआयएफ-१ लिहिलेलं दिसतं. शोध आधी त्याचा लागला म्हणून. आणि ईपीओ बनवणाऱ्या पेशी नलिकांच्या आतल्या नव्हेत; नलिकांच्या मधल्या फटींत, केशवाहिन्यांना लागून असलेल्या, फायब्रोब्लास्टसारख्या दिसणाऱ्या पेशी त्या.

हे काम किडनीकडेच का? फुप्फुसाकडे का नाही?

किडनीत रक्त जास्त आलं की गाळणं जास्त, गाळणं जास्त की सोडियम परत घ्यायचं काम जास्त, आणि त्या कामाला ऑक्सिजन जास्त लागतो. पुरवठा आणि खर्च बरोबरीनं वर-खाली होतात. त्यामुळे किडनीच्या आतला ऑक्सिजन रक्तप्रवाहापेक्षा रक्तात ऑक्सिजन किती आहे, म्हणजे मुख्यतः हिमोग्लोबिन किती आहे, याचाच अंदाज देतो. मोजमापाला ही जागा चांगली आहे.

मग किडनी बिघडली की हिमोग्लोबिन का घसरतं? ऑक्सिजन तर कमीच असणार ना?

दीर्घ आजारात त्या फटींमधल्या पेशींचं रूपच पालटतं. त्या तंतू विणणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि ईपीओचं काम सोडून देतात. जनुक जागेवर असतं, बैठक मात्र मोडलेली असते.

डायलिसिसच्या शेवटी नर्स जे छोटं इंजेक्शन देते ते बहुतेक वेळा ईपीओ किंवा त्याचं लांबलेलं रूप असतं. ईपीओचं जनुक १९८५ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि १९८९ मध्ये कारखान्यात बनवलेलं ईपीओ अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी अशा रुग्णांना रक्त चढवत राहणं हाच मोठा आधार होता.

अलीकडे गोळ्याही आल्या आहेत. त्या पीएचडी एन्झाइमांना रोखतात. ऑक्सिजन असूनही एचआयएफ टिकतो आणि शरीर स्वतःचा ईपीओ बनवतं. डेसिडुस्टॅट ही अशी गोळी भारतात २०२२ मध्ये मंजूर झाली. गंमत म्हणजे दोन्ही किडन्या काढलेल्या माणसांतही या जातीच्या औषधानं ईपीओ वाढलेला दिसला आहे. तो यकृतातून येतो. गर्भात असताना ईपीओ बनवायचं काम यकृताकडेच होतं, जन्माच्या सुमारास ते किडनीकडे गेलं. यकृत ते पूर्ण विसरलेलं नाही.

हिमोग्लोबिन १४ पर्यंत का नाही नेत? नॉर्मल तेच आहे ना?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची ही कायमची तक्रार. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉयर’ या चाचणीत किडनीच्या रुग्णांचे दोन गट होते. एकाचं लक्ष्य १३.५, दुसऱ्याचं ११.३. जास्त लक्ष्य असलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाच्या अडचणी मिळून जास्त झाल्या. म्हणून डॉक्टर दहा-अकराच्या आसपास थांबतात. त्यांचा कंजूषपणा नाही हा.

व्हिटॅमिन डीची पुडी घेतो, तरी वेगळं कॅल्सिट्रिऑल कशाला?

मेडिकलमधून आणलेली ६०,००० युनिटची पुडी हा कच्चा माल आहे. यकृतात त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते, आणि दुसरी, निर्णायक, किडनीच्या सुरुवातीच्या नलिकांत. ती करणारं एन्झाइम सीवायपी-२७बी-१. किडनीच थकली असेल तर कच्चा माल कितीही ओता, पक्का माल कमीच निघणार.

इथे जनुकावर तिघांची ओढाताण चालते. पीटीएच म्हणतं, बनवा. एफजीएफ-२३ म्हणतं, थांबवा. आणि तयार झालेलं कॅल्सिट्रिऑल स्वतःच म्हणतं, पुरे आता. ते व्हीडीआर या रिसेप्टरला चिकटतं, व्हीडीआर आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून डीएनएवर बसतो, आणि सीवायपी-२४ए-१ हे कॅल्सिट्रिऑल मोडणारं एन्झाइम वाढतं. स्वतःच्या विल्हेवाटीची सोय हार्मोन स्वतःच करून ठेवतं.

पाणी कमी प्यायलं की लघवी लगेच घट्ट होते. यात जनुकं कुठे आली?

लगेचच्या कामात येत नाहीत. पाणी वाचवायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन आलं की पेशीच्या आत पिशव्यांमध्ये ठेवलेल्या पाण्याच्या वाहिन्या, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-२, काही मिनिटांत पृष्ठभागावर येतात. कॉर्पोरेशनचा माणूस येऊन व्हॉल्व्ह फिरवून जातो, तसं. पण उन्हाळ्यात आठवडाभर ओढ राहिली तर व्हॉल्व्हनं भागत नाही, नवी लाइन टाकावी लागते. ते काम जनुकाचं, आणि त्याला तास-दिवस लागतात. पाठ्यपुस्तकं इथे ‘क्रेब’ या एकाच फॅक्टरचं नाव देतात. क्रेब एकटाच मालक आहे का, यावर वाद आहे. परीक्षेत क्रेब लिहा, डोक्यात प्रश्नचिन्ह ठेवा.

मनाच्या आजारासाठी लिथियमच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये अ‍ॅक्वापोरिन-२ कमी होतं, म्हणून त्यांना वारंवार लघवी आणि तहान लागते.

रेनिनबद्दल थोडक्यात?

टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये सशाच्या किडनीच्या अर्कातून शोधलं. ते बनवणाऱ्या पेशी गाळणीच्या तोंडाशी, आत येणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत असतात. पेशीतल्या सीएएमपी या निरोप्या रेणूची पातळी वाढली की जनुक चालू. गरज दीर्घकाळ राहिली तर त्याच वाहिनीत जरा मागे असलेल्या, एरवी साध्या स्नायूच्या पेशीही रेनिन बनवायला लागतात. लहानपणी त्या हेच काम करत होत्या.

एकच डीएनए सगळीकडे, हार्मोनही सगळीकडे फिरतं. मग किडनीतच विशिष्ट जनुक का उठतं?

बैठकीत कोण आहे, यावरून. पॅक्स-८, एचएनएफ-१बी असे फॅक्टर किडनी घडतानाच आत येऊन बसतात आणि डीएनएचे कुठले भाग मोकळे ठेवायचे ते ठरवतात. हार्मोनचा रिसेप्टर नंतर येतो आणि मोकळ्या जागांमध्येच बसू शकतो. एचएनएफ-१बीच्या एका प्रतीत बिघाड असला तर किडनीत गाठी आणि तरुणपणी मधुमेह असं दोन्ही एकाच माणसात दिसू शकतं, कारण स्वादुपिंडाच्या बैठकीतही हाच बसतो.

पेशींना अल्डोस्टेरॉन दिलं, पण पीसीआरमध्ये, म्हणजे एमआरएनए मोजणाऱ्या चाचणीत, काहीच फरक येत नाही. काय चुकलं?

सीरम, म्हणजे पेशींच्या खाद्यात, मीडियममध्ये, घालतात तो रक्ताचा द्रव भाग. दहातल्या सात वेळा सीरम.

माझंच सांगते. पहिले तीन आठवडे मी एसजीके-१ मोजत होते आणि कंट्रोलचा, म्हणजे हार्मोन न दिलेल्या पेशींचा, सीटी २२.१, अल्डोस्टेरॉनचा २२.०. (सीटी म्हणजे कितव्या सायकलीला प्रती दिसू लागतात तो आकडा; दर सायकलीला प्रती दुप्पट होतात.) हार्मोनची बाटली बदलली, प्रायमर बदलले, मशीनवर संशय घेतला. शेवटी शेजारच्या बेंचवरच्या सीनियर ताईनं विचारलं, मीडियममध्ये सीरम कुठलं घालतेस? साधं वासराचं सीरम. त्यात वासराचे स्वतःचे स्टेरॉइड असतात. म्हणजे माझा कंट्रोल कंट्रोल नव्हताच. त्या पेशी आधीपासूनच हार्मोन पिऊन बसल्या होत्या. कोळशाच्या भुकटीनं स्टेरॉइड काढून टाकलेलं सीरम घेतलं, पेशी रात्रभर त्यात ठेवल्या, सकाळी हार्मोन दिलं, एका तासानं आरएनए काढला. अडीच सायकलींचा फरक, म्हणजे साडेपाचपट.

मीडियममध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे का तेही बघा. आणि एक तासाला, चार तासाला, चोवीस तासाला असं तीनदा मोजा. एसजीके-१ चोवीस तासांनी मोजून ‘परिणाम नाही’ म्हणणारे थीसिस मी वाचले आहेत.

प्लेटमधल्या पेशींवर विश्वास ठेवावा का?

बेतानं. किडनीतून काढून प्लेटमध्ये ठेवल्यावर रेनिनच्या पेशी हळूहळू रेनिन बनवायचं सोडतात, ईपीओच्या पेशी ईपीओ. घर सुटलं की सवयी सुटतात.

चिप-सीक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएवर कोण कुठे बसलं आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत, फॅक्टर जनुकाजवळ बसलेला दिसला. म्हणजे तो त्या जनुकाचा नियंत्रक, बरोबर?

नाही. बसलेला दिसला एवढंच सिद्ध झालं. फॅक्टर हजारो ठिकाणी बसतात, त्यातल्या पुष्कळ जागी काहीच घडत नाही. ती जागाच डीएनएतून कापून काढा आणि मग बघा.

सीवायपी-२७बी-१च्या बाबतीत उंदरांवर असंच केलं गेलं आणि निकाल २०१७ मध्ये आला. जनुकाला हात न लावता शेजारचे दोन एन्हान्सर, म्हणजे फॅक्टर बसतात ते डीएनएचे तुकडे, कापले. त्यातल्या एकाशिवाय किडनी पीटीएचचं ऐकेना, दुसऱ्याशिवाय एफजीएफ-२३चं. किडनीबाहेरच्या पेशींतलं तेच जनुक मात्र पूर्वीसारखंच चालू राहिलं.